बाबांचा पाय उंबरठ्यावरच का अडकतो? मेंदूच्या आत नक्की काय चालतं, कोणी नीट सांगेल काय

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो. बाबांना पार्किन्सन आहे, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात दाखवतो, गोळ्या चालू आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. मला समजत नाही ते वेगळंच. ओसरीवरून ते बरे चालत येतात आणि माजघराच्या उंबरठ्याशी आले की संपलं, पाय जमिनीला चिकटतात, अंग पुढे झुकतं, टाचा थरथरतात पण पाऊल काही उचलत नाही, मागून आई म्हणते "अहो चला की" आणि त्याने आणखीच बिघडतं. आणि हाच माणूस देवळात भजनाला पखवाज घेऊन बसला की आरती होईपर्यंत ठेका सोडत नाही. देवळाच्या पायऱ्या चढतो, सपाट शेणाच्या जमिनीवर अडकतो! काका तर तोंडावर म्हणाले, नाटकं आहेत, आळस आहे. ताकद आहे, सांधे ठीक आहेत, मग अडतंय कुठे? ओपीडीत मागे एवढी रांग असते की हे विचारायला जीभ उचलत नाही. गूगलची लिंक नको प्लीज, समजेल असं सांगा.

साखळीचा_बाबलो:
+१. आमच्या आत्येचं सेम. चपला घालताना दहा मिनिटं, पण कुत्रा अंगावर आला तेव्हा धावली. घरात अजून तो विषय निघतो.

निवृत्त_मास्तर:
मी फिजिऑलॉजी शिकवायचो, आता घरी असतो, त्यामुळे लांबण लावणार, वाचा.

डिचोलीकर, काकांना आधी एवढंच सांगा की स्नायूत जोर आहे आणि मेंदूच्या वरच्या थरातून, म्हणजे कॉर्टेक्समधून, हुकूमही निघतोय, अडतंय ते मधल्या परवानगीत. मेंदूच्या पार आत दोन्ही बाजूंना बेसल गँग्लिया म्हणून केंद्रकांचा, म्हणजे पेशींच्या पुंजक्यांचा, समूह आहे. खाजन शेतातली मानस, म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार, पाहिलीय ना? ती पाणी ढकलत नाही, फक्त अडवते किंवा सोडते, आणि भरतीला बंद असणं हेच तिचं काम. तसंच हे. ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग आणि सबस्टॅन्शिया नायग्राचा एक भाग, ह्या दोन ठिकाणच्या पेशी आपण नुसते बसलेले असतानाही थॅलॅमसला, म्हणजे कॉर्टेक्सकडे निरोप पोचवणाऱ्या भागाला, सतत 'थांब, थांब' सांगत असतात, माकडांत मोजलंय, सेकंदाला ६० ते ८० वेळा. हालचाल करायची म्हणजे नवीन जोर लावायचा नाही, हा 'थांब' क्षणभर बंद करायचा. हिकोसाका आणि वुर्ट्झ ह्या दोघांनी १९८३ मध्ये माकडांत दाखवलं की डोळा एकीकडे वळायच्या जरा आधी नायग्रातल्या ह्या पेशी गप्प होतात, आणि मग डोळा वळतो. मला शिकवताना हे सांगायला फार आवडायचं, कारण पोरं नेहमी उलट धरून चालायची, की मेंदू म्हणजे सगळा धक्के देण्याचा कारभार.

आता हा 'थांब' कमी-जास्त कोण करतं? बेसल गँग्लियातलाच एक भाग, स्ट्रायटम. तिथून दोन वाटा निघतात. सरळ वाट पॅलिडसला गप्प करते, थॅलॅमस सुटतो, हालचाल होते. दुसरी वळसा घेऊन जाते, आधी बाहेरचा पॅलिडस, मग सबथॅलॅमिक न्यूक्लियस, आणि शेवटी 'थांब' वाढवते. दोन्ही लागतात, कारण पेला उचलायचा तर एक हालचाल सोडायची आणि बाकीच्या शंभर दाबून ठेवायच्या. डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन, सरळ वाटेला बळ देतं (डी१ रिसेप्टर, पेशीवरची ते पकडणारी जागा) आणि वळशाच्या वाटेला आवरतं (डी२). नायग्राच्या दुसऱ्या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी, ज्या न्यूरोमेलॅनिनमुळे नुसत्या डोळ्याला काळ्या दिसतात, त्या पार्किन्सनमध्ये मरतात. लक्षणं दिसेपर्यंत साधारण निम्म्या गेलेल्या असतात. मग सरळ वाट मंदावते, वळशाची वाट मोकाट सुटते, म्हणजे दोन्हीकडून दार बंदच. बाबा पाय उचलायचा हुकूम देतायत हो, दार उघडत नाही.

डिचोलीकर:
मास्तर, हे काकांना प्रिंट काढून देतो. पण मग पखवाज? आणि पायऱ्या? तिथे दार कसं उघडतं?

निवृत्त_मास्तर:
बेसल गँग्लियाचा मोठा भार असतो तो आपोआप होणाऱ्या, आतून सुरू होणाऱ्या हालचालींवर. बोलत बोलत चालणं, वळणं, बटण लावणं, ज्यात आपण पावलाचा विचारच करत नाही. पण बाहेरून खूण मिळाली, डोळ्यासमोर पायरीची कड किंवा कानात टाळांचा ठेका, की कॉर्टेक्सचे पुढचे भाग आणि सेरेबेलम म्हणजे लहान मेंदू मिळून हालचाल बऱ्यापैकी निभावून नेतात असं मानतात. प्रत्येक पायरी म्हणजे एक खूण. सपाट जमिनीवर खूणच नाही. बाबलोच्या आत्येचं कुत्र्याचं तेच, त्याला पॅरडॉक्सिकल कायनेशिया म्हणतात, जुन्या पुस्तकांतही सापडतं. दाराशीच का अडकतं ह्यावर मात्र अजून एकमत नाही. अरुंद जागा दिसली की पावलं आखूड होत जातात हे मोजलेलं आहे, आणि घाई, ताण, एकाच वेळी दोन कामं, ह्याने गोठणं वाढतं हेही. तेव्हा आईंचं "चला की" बंद करा.

वास्कोची_फिजिओ:
मास्तरांच्या वर प्रॅक्टिकल जोडते, रोज हेच करते. उंबरठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावा, दोन पट्ट्यांत बाबांच्या एका पावलाएवढं अंतर, आणि रंग जमिनीच्या अगदी उलट, शेणाच्या जमिनीवर पांढरा किंवा पिवळा (टेप तिथे चिकटत नाही, चुन्याचा पट्टा ओढा सरळ). त्यांना उंबरठा ओलांडायला सांगू नका, "पट्टीवर पाय द्या" म्हणा. अडकले तर हात धरून ओढायचं नाही, ओढलं की वरचं अंग पुढे जातं, पाय मागे राहतात आणि तोंडावर पडतात, अशी हाडं मोडलेली पाहिलीयत मी. पूर्ण थांबा, ताठ उभे राहा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर डोलवा, मग मोजून मोठं पाऊल. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घेऊन वळा. आणि पखवाजवाला माणूस आहे तर सोन्याहून पिवळं, चालताना तोंडाने बोल म्हणू दे, धा दिं ता. माझा एक पेशंट "विठ्ठल विठ्ठल" म्हणत खोलीभर फिरतो.

काणकोणकरीण:
उलटं पण होतं का हो? म्हणजे दार बंदच होत नाही असं? आमच्या आजीचा डावा हात एकाएकी हवेत फेकला जायला लागला होता, धरून ठेवला तरी झटके, झोपली की शांत. वाड्यावर म्हणाले भार आला, देवचाराला नारळ-विडा ठेवून झाला. मग मामाने ऐकलं नाही, गाडीत घातलं आणि नेलं. शुगर ५०० च्या वर! शुगर उतरवली, आणि काही दिवसांत हात आपोआप थांबला. डॉक्टरने नाव सांगितलं होतं, मी विसरले.

निवृत्त_मास्तर:
काणकोणकरीणबाय, मामा शहाणा. ह्याला हेमिकोरिया म्हणतात, झटके फार मोठे असले तर हेमिबॅलिझम. शुगर खूप चढल्यावर, विशेषतः वयस्क बायकांमध्ये, असं होतं आणि स्कॅनमध्ये उजवा स्ट्रायटम वेगळा दिसतो. डावा हात असेल तर उजवी बाजू, कारण वायरिंग उलटी. जुना पाठ्यपुस्तकी प्रकार म्हणजे सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये छोटासा स्ट्रोक. वळशाची वाट तिथे तुटते, 'थांब' म्हणणारं कोणी राहत नाही, विरुद्ध बाजूचा हात-पाय फेकला जातो. हंटिंग्टन ह्या आनुवंशिक आजारातही सुरुवातीला वळशाच्या वाटेच्याच पेशी आधी मरतात, म्हणून ते लोक नाचल्यासारखे हलत राहतात. जॉर्ज हंटिंग्टन ह्या तरुण डॉक्टरने १८७२ मध्ये ते लिहिलं, जीन सापडला १९९३ मध्ये. एकच यंत्रणा, एका ठिकाणी बिघडली तर माणूस दगड, दुसऱ्या ठिकाणी बिघडली तर थांबत नाही. बाकी नारळ ठेवा, देवचारावर माझा राग नाही, पण आधी ग्लुकोमीटर.

शंकासुर:
मास्तर, तुमचं मॉडेल देखणं आहे पण १९८९-९० सालचं आहे. अल्बिन, यंग आणि पेनी, मग डिलाँग. तेव्हापासून त्याला बरीच भोकं पडलीयत, लोकांना अर्धवट का सांगता? एक, सरळ वाट म्हणजे 'चल' आणि वळसा म्हणजे 'थांब' हे खरं असेल तर हालचाल सुरू होताना फक्त पहिली वाट पेटायला हवी. २०१३ मध्ये उंदरांत मोजलं तर दोन्ही एकदम पेटतात. दोन, पॅलिडस जाळला (पॅलिडोटॉमी) तर मॉडेलप्रमाणे 'थांब' गेला म्हणून माणूस वेडावाकडा हलायला हवा. प्रत्यक्षात लेवोडोपाने (पार्किन्सनची मुख्य गोळी, मेंदूत तिचं डोपामिन बनतं) आलेल्या वाकड्या हालचाली त्याच ऑपरेशनने जातात! हा विरोधाभास मार्सडेन आणि ओबेसो ह्यांनी १९९४ मध्येच मांडला होता.

निवृत्त_मास्तर:
शंकासुरा, नाव सार्थ केलंस. दोन्ही मुद्दे मान्य, आणि म्हणूनच वर लिहिलं की दोन्ही वाटा लागतात, एक सोडायला, बाकीच्या दाबायला. एकदम पेटणं त्यात बसतं. पण तुझ्या बाजूने सगळं नाही हं, २०१० मध्ये क्राविट्झ वगैरेंनी उंदरांत प्रकाशाने एकेक वाट वेगळी चालू करून बघितली, सरळ वाट पेटवली तर उंदीर जास्त फिरला, वळशाची पेटवली तर गोठला. म्हणजे कंकाल खरा आहे. दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. पॅलिडस जाळून सुधारणा होते ह्याचा अर्थ नुसता 'थांब' किती जास्त एवढाच प्रश्न नाही, तो कुठल्या लयीत येतो हाही आहे. पार्किन्सनमध्ये ह्या केंद्रकांतल्या पेशी एकमेकींना धरून एका तालात ठोकायला लागतात, सेकंदाला १३ ते ३० च्या पट्ट्यात, बीटा म्हणतात त्याला. लेवोडोपा घेतली की तो ताल ओसरतो. बिघडलेला संदेश जाण्यापेक्षा काहीच न गेलेलं बरं, असं दिसतं. ज्याला घरचा माणूस समजून घ्यायचाय त्याला पहिलं मॉडेल पुरतं, ज्याला भांडायचंय त्याला दुसरं.

शंकासुर:
हे ठीक आहे. भांडायचंच होतं.

खाणमाती:
मी पूर्वी खाणीवर कामाला होतो. तिथे म्हातारे म्हणायचे मँगनीजच्या धुळीने माणूस लुळा होतो. खरं की ऐकीव? आमच्या भागात लोहखनिज जास्त, पण मँगनीजही काढायचे.

निवृत्त_मास्तर:
आजार खरा आहे. १८३७ मध्ये जॉन कूपर नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मँगनीज खनिज दळणाऱ्या कामगारांत पहिल्यांदा नोंदवला. मँगनीज मुख्यतः ग्लोबस पॅलिडसमध्ये साठतं, एमआरआयमध्ये ती जागा पांढरी चमकते. नायग्रा त्यामानाने शाबूत, म्हणून लेवोडोपाचा फारसा उपयोग होत नाही. चाल वेगळी असते, कोंबडा चालतो तशी चवड्यांवर, आणि स्वभावही बिघडतो. जास्त धोका बंद जागेत बारीक धूळ किंवा वेल्डिंगचा धूर वर्षानुवर्षं आत घेणाऱ्यांना. तुम्हाला काही लक्षण असेल तर न्यूरोवाल्यांना खाणीचं काम आवर्जून सांगा, ते आपण सांगितल्याशिवाय विचारत नाहीत.

पेडण्याचो_पोर:
माझे पप्पा म्हणतात हात कापतो त्यावर एक पेग फेणी घेतली की थांबतो 😄 मग पार्किन्सनवर फेणी का देत नाहीत?

वास्कोची_फिजिओ:
पप्पांचा हात चहाचा कप धरताना कापतो की मांडीवर नुसता ठेवलेला असताना?

पेडण्याचो_पोर:
कप धरताना, सही करताना. नुसता बसला की काय नाय.

वास्कोची_फिजिओ:
मग बहुधा पार्किन्सन नव्हेच, इसेन्शियल ट्रेमर वाटतो. पार्किन्सनचा कंप हात विसावलेला असताना येतो, बोटं विडी वळल्यासारखी, आणि वस्तू धरली की कमी होतो. इसेन्शियलमध्ये बिघाड सेरेबेलम, थॅलॅमस, कॉर्टेक्स ह्या दुसऱ्या साखळीत मानतात आणि दारूने तो थोडा वेळ खरंच उतरतो, मग उतारा पडला की जास्त चढतो. त्यावर प्रोप्रानोलॉल असतं, दाखवा कुठेतरी. फेणीने ट्रीटमेंट करत बसलात तर लिव्हरवाल्यांकडेही जावं लागेल.

वैद्य_नाही_पण_पुतण्या:
खाजकुयलीबद्दल कोणी बोललं नाही अजून? आयुर्वेदात कंपवाताला देतात, आमच्या बागेत कुंपणावर माजलीय.

निवृत्त_मास्तर:
थट्टा नाही, खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेवोडोपा असतं, दामोदरन आणि रामस्वामी ह्यांनी १९३७ मध्ये ते वेगळं काढलं होतं. आणि आपल्याकडची आणखी एक वनस्पती ह्या गोष्टीत येते. सर्पगंधेतून निघालेलं रेसर्पिन देऊन आर्विड कार्लसनने १९५७ मध्ये सशांना अगदी निश्चल केलं, कान खाली पाडून बसायचे, आणि मग लेवोडोपा दिल्यावर ते पुन्हा हिंडायला लागले. डोपामिन हालचालीला लागतं ही कल्पना तिथून, त्याला २००० साली नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात होर्निकिएविच आणि एरिंगरने मेलेल्या पेशंटच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन जवळजवळ नाहीसं झालेलं मोजलं. पण कुंपणावरच्या बिया दळून देऊ नका. एक तर डोस ठरत नाही, बी-बी मध्ये फरक. दुसरं, गोळीत कार्बिडोपा असतं ते लेवोडोपाला मेंदूत पोचण्याआधी रक्तात मोडू देत नाही, बियांत ते नाही, म्हणून मळमळ. आणि गोळी चालू असताना वरून बिया दिल्या तर दुप्पट, अंग वेडंवाकडं हलतं, भास होतात.

गॅसवाली:
माझ्या सासूचं सांगते, सगळ्यांनी वाचा. अंग आखडलं, चेहरा कोरा, चालताना हात हलत नाहीत, पार्किन्सन धरून गोळ्या सुरू. मग एका शहाण्या डॉक्टरीणबाईने सगळ्या पुड्या पिशवीतून ओतायला लावल्या आणि त्यात एक गॅसची कॅप्सूल निघाली जी ती फार्मसीतून आणून कितीतरी वर्षं रोज खात होती. लेवोसल्पिराइड असलेली. ती बंद केली आणि काही महिन्यांत हळूहळू बाई पूर्वीसारखी भाजी चिरायला बसली.

वास्कोची_फिजिओ:
हे दर महिन्याला बघते. लेवोसल्पिराइड, उलटीची मेटोक्लोप्रमाइड, चक्करेची सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, ह्या डी२ रिसेप्टर अडवतात. पेशी जिवंत, डोपामिन आहे, पण पोचत नाही. बहुतेकांचं उतरतं, काहींचं पूर्ण नाही, कारण खालून खरा पार्किन्सन आधीच सुरू झालेला असतो. मानसिक आजाराच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरला विचारून.

मांडवीकाठ:
नाव नाही सांगत, पण आमच्या नात्यात एक गृहस्थ, जन्मात कधी रमी खेळले नाहीत, पार्किन्सनची नवी गोळी सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर. मुलाने बँकेचं स्टेटमेंट पाहिलं तेव्हा घरात रडारड. हे गोळीने होतं का? सगळे म्हणतात सबब आहे.

निवृत्त_मास्तर:
सबब नाही. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ह्या डोपामिनची नक्कल करणाऱ्या औषधांनी जुगार, अवाजवी खरेदी, कामवासना वाढणं, एकसारखं खाणं, हे माहीत असलेले परिणाम आहेत. कारण हीच यंत्रणा फक्त हातपाय हलवत नाही. अलेक्झांडर, डिलाँग आणि स्ट्रिक ह्यांनी १९८६ मध्ये मांडलं की कॉर्टेक्स ते बेसल गँग्लिया ते थॅलॅमस असे समांतर फेरे आहेत, एक हालचालीचा, एक डोळ्यांचा, काही विचाराचे, एक इच्छेचा, बक्षिसाचा. पार्किन्सनमध्ये हालचालीच्या फेऱ्यात दुष्काळ असतो आणि बक्षिसाच्या फेऱ्यात त्यामानाने अजून पाणी असतं, तिथे वरून औषध ओतलं की पूर. डॉक्टरला आजच सांगा, डोस उतरवतात, पण घरी एकदम तोडू नका, त्याचाही त्रास होतो. आणि कार्ड मुलाकडे ठेवा.

डिचोलीकर:
वाचता वाचता रात्र झाली. आम्हाला कोणीतरी डीबीएसचं सुचवलंय, डोक्यात तार घालतात ते. त्याने उंबरठा सुटेल का?

शंकासुर:
ह्याचं उत्तर मी देतो, मास्तरांना झोपू दे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण नकली हेरॉइन टोचून काही दिवसांत दगड झाले. विल्यम लँगस्टन ह्या डॉक्टरने माग काढला, तर त्यात एमपीटीपी नावाची भेसळ, जी नेमक्या नायग्राच्या पेशी मारते. त्या पोरांचं वाईट झालं पण त्यामुळे माकडांत हाच आजार तयार करता आला, आणि १९९० मध्ये बर्गमन, विचमन आणि डिलाँग ह्यांनी अशा माकडाचं सबथॅलॅमिक न्यूक्लियस निकामी करून दाखवलं, माकड हलायला लागलं. तिकडे ग्रेनोबलला बेनाबिद ह्यांनी १९८७ मध्येच थॅलॅमसमध्ये तार ठेवून, न जाळता, वेगाने करंट देऊन कंप थांबवला होता. दोन धागे जुळले, १९९३ मध्ये त्यांनी तार सबथॅलॅमिकमध्ये घातली. आज सेकंदाला १३० च्या आसपास ठोके देतात, बॅटरी कॉलरबोनखाली. आता मुद्द्याचं. लेवोडोपा चढलेली असताना जे सुधारतं तेच साधारण डीबीएसने सुधारतं, कंप त्याला अपवाद. म्हणून बाबा गोळी चढलेली असतानाही उंबरठ्यावर अडकतात की फक्त उतरल्यावर, हे आधी बघा, वही करा, वेळ लिहा. उतरल्यावरच अडकत असतील तर फायद्याची आशा. चढलेली असतानाही अडकत असतील तर तार घालून उंबरठा सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका, तोल आणि बोलणं कधी कधी बिघडतंसुद्धा.

डिचोलीकर:
बहुतेक दुपारच्या जेवणानंतर जास्त. दोन वाजताची गोळी जेवल्या जेवल्या घेतात.

वास्कोची_फिजिओ:
मग आधी हे करा, ऑपरेशन राहू दे. दुपारी ताटात काय, शीत, हुमण, तळलेला बांगडा? प्रोटीनचे अमिनो ॲसिड आणि लेवोडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरायला एकच वाट वापरतात, मासे जिंकतात, गोळी मागे राहते. गोळी जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवल्यावर तासाभराने, पाण्याबरोबर. मळमळ होत असेल तर सोबत एखादं साधं बिस्किट चालेल, दूध नको. बांगडा रात्रीच्या जेवणाला न्या, बंद करू नका, वजन उतरतं ह्या आजारात. वेळ बदलायच्या आधी डॉक्टरला विचारा आणि शंकासुराने सांगितलेल्या वहीत दोन्ही लिहा, गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, अडकले किती वाजता. पुढच्या ओपीडीत ती वहीच पुढे करा, रांग कितीही असली तरी पान बघायला अर्धा मिनिट लागतो.

डिचोलीकर:
करतो. चुनाही आहे घरात.